तेल वर चढेपर्यंत

"आधी तेल वर चढू दे, मग बोल."

सासऱ्यांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सकाळी उठल्या उठल्या मी स्वयंपाकघरात कशावरून तरी तणतणत होते. सासरे दारात उभे होते, हातात चहाचा कप. चिडले नाहीत. म्हणाले, "रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातलं तेल खाली चेंबरमध्ये उतरून बसलेलं असतं, सूनबाई. किल्ली फिरवली रे फिरवली की लोक पाय दाबतात. वर सगळं कोरडं, लोखंडावर लोखंड घासतं. माणसाचं काय वेगळं असतं? आधी तेल वर चढू दे, मग बोल."

तेव्हापासून मी सकाळचं मौन धरलं. उठायचं, अंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा, जप करायचा आणि जप पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सासरे गेले, नेम राहिला. आमचे हे म्हणतात, "बापानं मला गॅरेज दिलं आणि सकाळची शांतता दिली. दोन्हींत शांतता जास्त टिकाऊ निघाली."

गॅरेज घराच्या खालीच आहे. स्वयंपाकघरातून लोखंडी जिना उतरला की समोर गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, डावीकडे बाक, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने. मला गाडी चालवता येत नाही, शिकावंसंही कधी वाटलं नाही. पण त्या गॅरेजमध्ये माझं एक काम आहे. तेही सासऱ्यांच्याच नियमातून आलेलं: ज्यानं बोल्ट आवळला, त्यानं त्यावर रेघ मारायची नाही.

इंजिन जोडताना आतले महत्त्वाचे बोल्ट मोजून ताण देणाऱ्या पान्यानं आवळतात. ताण बरोबर बसला की पाना 'टक्' वाजतो. मग दुसऱ्या माणसानं तोच पाना पुन्हा लावायचा, तोच 'टक्' आपल्या कानानं ऐकायचा आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि चोरी उघडी पडते. आधी हे आवळायचे आणि सासरे रेघ मारायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला. "हिचा हात वात सारताना कापत नाही, इथे कशाला कापेल?" म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडून बाहेर पडलेल्या प्रत्येक इंजिनाच्या पोटात माझ्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेला मी मनात देवाचं नाव घेते. हे फक्त माझ्या लेकीला माहीत आहे.

लेकीचं नाव आजोबांनी ठेवलं ठिणगी. कागदावर दुसरं आहे, पण ते बँकेशिवाय कुणी वापरत नाही. ह्यांची पाठ गेल्यापासून गॅरेज तीच चालवते. हे दारापाशी स्टुलावर बसून देखरेख करतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात.

दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन हे ठिणगीनं एकटीनं उघडून पुन्हा उभं केलेलं पहिलं. गाडी गडद हिरवी, दोनच माणसांची, इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर छप्पर कमरेला लागतं. इंजिन सीटच्या मागे. ते पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्यावर कान लावून, आपल्या पेशंटला विचारावं तसं विचारलं, "दुखतंय का कुठे?" मग ठिणगीकडे वळून म्हणाले, "नाही म्हणतंय."

पुढे डॉक्टर गेले. त्यानंतर गाडी आमच्याकडे आली नाही. आली ती एकदम ट्रकवर चढून.

डॉक्टरीणबाई ट्रकच्या पुढच्या सीटवरून उतरल्या. मागून स्वतःच्या गाडीतून डॉक्टरांचा भाचा आला. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा तो चिटणीस. त्या मंडळाच्या बहुतेक गाड्या आमच्याच खड्ड्यावर येतात.

"सुरू केली की आतून ठकठक वाजतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आजारी माणसाबद्दल बोलावं तसा खाली आला होता. "परवापर्यंत काही नव्हतं. मग मी हातच लावला नाही."

"ठकठक कसली मामी, इंजिन गेलंय आतून," भाचा म्हणाला. "मी वाचलंय ना सगळं. या गाड्यांचा हा ठरलेला रोग आहे. मागचं ते छोटं बेरिंग फुटतं आणि सगळं घेऊन जातं. इंजिन उघडलेलंच होतं, तेव्हाच बदलायला हवं होतं. कुणी बदललं नाही, त्याला आपण काय करणार?"

हे स्टुलावरून म्हणाले, "कुणी म्हणजे कुणी, ते मोकळं बोला की. इथे दोनच माणसं आहेत, त्यांतला एक मी."

"काका, मी कुणाचा अपमान करत नाहीये. पण रविवारी मंडळाची बैठक आहे. गाड्या कुठे द्यायच्या हे लोक मला विचारतात. मला खरं ते सांगावं लागेल."

"खरंच सांगा," ठिणगी म्हणाली. ती गाडीखाली पुठ्ठा सरकवत होती. "फक्त आधी मला ते शोधू द्या. इंजिन मी बांधलंय, तेव्हा उघडताना तुम्ही समोर बसा. काही लपवलं असं नको."

तो शर्टाच्या बाह्या सरसावून बसला. मी डॉक्टरीणबाईंना वर घेऊन आले.

चहा टाकला. त्या टेबलाशी बसल्या, बोटानं टेबलाची कड चाचपत. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही रोजचा नेम पाळता, म्हणून तुम्हालाच सांगते. जाताना त्यांनी माझा हात धरून म्हटलं होतं, गाडी बंद पडू देऊ नकोस. तेव्हापासून रोज सकाळी देवाचं झालं की मी गाडीच्या खोलीत जाते. सुरू करते. त्यांच्या नाही, माझ्याच बाजूच्या सीटवर बसते, हात लांब करून किल्ली फिरवते. चहाचा कप संपेपर्यंत आवाज ऐकते आणि बंद करते. ताप असला तरी गेले. एक दिवस चुकले नाही."

मी त्यांना हात जोडले. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नेम काय असतो ते ज्यानं धरलाय त्यालाच कळतं. उरलेल्या चहाचे कप घेऊन मी खाली गेले आणि मोठ्या कौतुकानं ठिणगीच्या कानात सांगितलं, "बघ, माणसं कशी असतात. एक दिवस चुकल्या नाहीत."

ठिणगीचा हात थांबला.

"रोज? किती वेळ, आई?"

"कपभर चहा होईतो."

"आणि बाहेर काढली?"

"छे. त्यांच्याशिवाय कशी काढतील?"

तेल ओतायच्या तोंडाचं झाकण तिनं काढून बाकावर ठेवलं होतं, ते उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर होता, साय धरल्यासारखा. मग तेलानं भरलेल्या परातीत बोट बुडवून माझ्या नाकाशी आणलं. तेलाला पेट्रोलचा वास येत होता.

भाचा मान लांब करून बघत होता, पण त्याला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं एकेक गोष्ट त्याच्यासमोर उघडली. आधी तो म्हणत होता ते मागचं बेरिंग. तिनं तेव्हाच बदललेलं, अजून नवंकोरं, बोटानं फिरवलं तर लोण्यासारखं फिरत होतं. मग टायमिंग चेन ज्यांच्यावरून सरकते त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. जुन्या गाड्यांत हे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन त्याचे तुकडे खाली पडतात आणि तेलाची वाट अडवतात. पट्ट्या अखंड. आरशाचा छोटा तुकडा आत घालून तिनं सिलिंडरच्या भिंती दाखवल्या. ओरखडा नाही. आणि जिथे जिथे बोल्ट होता तिथे तिथे माझी रेघ होती, डोक्यावरून खाली उतरलेली, सलग. भाचा दिवा धरून एकेक रेघ पाहत गेला. त्याचा आवाज बराच मवाळ झाला.

शेवटी तिनं तेलाचा फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या चुण्या बाकावर पसरल्या. त्यांत चमचम होती, जरीचं कापड झटकल्यासारखी.

"हे काय?" भाच्यानं विचारलं.

"क्रँकवरच्या, म्हणजे आतल्या मोठ्या दांड्यावरच्या बेरिंगांचा चुरा," ती म्हणाली. "आवाज तिथलाच आहे. का झालं ते काकूंना सांगेन. उद्या सकाळी त्यांना घेऊन या."

तो गेल्यावर ठिणगीनं ह्यांना सगळं सांगितलं, तसे हे स्टुलावरून उठले, पाठ धरत का होईना. "उद्या कशाला? आत्ताच सांगून टाकायचं होतंस त्याच्या तोंडावर! मामीनं केलं म्हणावं, घे आता बैठक!"

"अहो, हळू," मी म्हटलं.

"हळू काय? पोरीचं नाव चाललंय. माझ्या बापाचं नाव चाललंय!"

"आणि त्या बाईचं काय चाललंय? तिच्या हातून डॉक्टरांची गाडी मेली असं ऐकून ती उद्यापासून सकाळी उठून काय करेल?" एवढा आवाज मी कधी चढवत नाही. माझं मलाच ऐकू आलं.

ठिणगी बाक पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "दोघंही भांडा निवांत. मी खोटं बोलणार नाही, आणि त्यांना दुखावणारही नाही. वाट शोधते."

रात्री जेवून ती उरलेलं इंजिन खोलायला पुन्हा खाली गेली. वाट सापडली का ते मी विचारलं नाही. देवाला मात्र सांगितलं, तिच्या तोंडी योग्य शब्द दे.

सकाळी दोघं आली. माझा जप नुकताच संपला होता. ठिणगीनं बाकावर धुतलेलं कापड अंथरून त्यावर बेरिंगच्या अर्धगोल वाट्या मांडल्या होत्या, बांगड्या मध्ये कापून ठेवाव्यात तशा. डॉक्टरीणबाईंना तिनं खुर्ची दिली आणि एक वाटी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काकू, बोट फिरवा. आतून."

"खरखरीत आहे."

"गुळगुळीत असायला हवी. हा धातू मुद्दाम मऊ ठेवतात. काही बिघडलं तर आधी ही झिजते आणि आतला मोठा दांडा वाचवते. हिचं कामच ते. हिनं ते केलंय."

"पण बिघडलं कशानं?"

ठिणगीनं श्वास घेतला. "इंजिन सुरू झालं की पहिली काही मिनिटं त्यात थोडं पाणी धरतं, थोडं पेट्रोल तेलात उतरतं. प्रत्येक गाडीत. पुढे गाडी पळाली, तेल चांगलं तापलं, की ते सगळं उडून जातं. तापायच्या आत बंद केली तर आतच राहतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. तेल पातळ होतं, आंबतं आणि मऊ धातू खायला लागतं."

भाचा म्हणाला, "पण अशी अर्धवट कोण सुरू करून..."

आणि थांबला. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली होती. वाटी मुठीत घट्ट धरली होती.

"मी," त्या म्हणाल्या. "रोज."

भाच्यानं तोंड उघडलं. ठिणगीनं बोट वर केलं, फक्त एक बोट, आणि तो गप्प झाला. ह्यांनीही स्टुलावर तोंड उघडलं होतं, तेही मिटलं. माझी लेक त्या बाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती आणि काही म्हणजे काही बोलत नव्हती. मला कळलं, ती तेल वर चढू देत होती. आजोबांचं वाक्य मी आयुष्यभर स्वतःच्या जिभेसाठी वापरलं. तिनं ते दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरलं. त्या घटकेला मला माझ्या पोरीचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही वाटला नव्हता.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं, बंद पडू देऊ नकोस."

"बरोबरच सांगितलं होतं," ठिणगी म्हणाली. "ताडपत्री टाकून ठेवली असती तर पिस्टन भिंतींना चिकटले असते, मग मीही काही करू शकले नसते. नेम चांगला होता, काकू. अर्धाच कळला होता तुम्हाला. उरलेला आम्ही येऊन सांगायला हवा होता. डॉक्टर गेल्यावर आमच्यापैकी कुणी गाडी बघायला आलं नाही. ते सुद्धा मंडळात सांगा," हे शेवटचं भाच्याला.

भाचा वाट्यांकडे बघत राहिला. "दांडा वाचलाय?"

"हलके ओरखडे आहेत. लेथवर देऊन पॉलिश होईल. नव्या वाट्या टाकल्या की बोलेल पुन्हा."

"मला याच गाडीवर चालवायला शिकवलं मामानं," तो म्हणाला आणि घसा खाकरायला दाराबाहेर गेला. हे त्याच्याकडे बघून म्हणाले, "जा, जा, बाहेर धूळ फार आहे." ह्यांच्या तोंडचं एवढं दयाळू वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

रविवारी बैठकीत त्यानं काय सांगावं? उभा राहिला आणि म्हणाला, "मी चुकीचं निदान केलं होतं. बरोबर कुणी केलं तिला बोलावलंय. तीच बोलेल." डॉक्टरीणबाई आणि मी मागच्या रांगेत होतो. ठिणगी धुतलेल्या पण काळ्या राहिलेल्या नखांचे हात मागे बांधून बोलली. जुनी स्पोर्ट्‌स कार जोरात चालवून फार थोडी मरते, म्हणाली. थंड असताना पाय दाबल्यानं मरते, तेल वेळेवर न बदलल्यानं मरते, आतलं प्लॅस्टिक म्हातारं झालंय हे विसरल्यानं मरते आणि जपून जपून उभी ठेवल्यानंही मरते. "अलीकडेच एका गाडीत..." म्हणून ती अडखळली, पुढे कसं सांगावं ते तिला सुचेना.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "ती गाडी माझी," त्या स्पष्ट म्हणाल्या. "माझ्यासारखं कुणी रोज चहापुरती सुरू करत असेल, तर आजपासून करू नका." आणि पदर नीट करून खाली बसल्या. सगळं सभागृह वळून बघत होतं. मग पाठीमागच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे देवा, मी तेच करतो!" आणि हशा पिकला. त्या हशात त्याही होत्या.

क्रँक पॉलिश होऊन आला. ठिणगीनं वाट्या बसवल्या, बोल्ट आवळले. भाचा दिवा धरून उभा. मी कुंचला रंगात बुडवला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

"मी? ताई, माझा हात कापतो."

"कापू दे. आधी पाना लावा. 'टक्' ऐका. मग रेघ."

त्यांनी पाना लावला, ठिणगीनं मागून आधार दिला. टक्. त्यांनी डोळे मिटले. मग रेघ ओढली. वाकडी आली जराशी, पण सलग आली. ओढताना त्यांचे ओठ हलले. कुणाचं नाव घेतलं ते मी विचारलं नाही.

"आता नवा नेम," ठिणगी म्हणाली. "रोज सुरू करायची नाही. आठवड्यातून एकदा बाहेर काढायची. सुरू केल्यावर थोडं थांबा, तेल वर चढू दे, मग हळूहळू निघा. पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा लवकर वर येतो, त्याला फसू नका. तेलाचा वेगळा काटा आहे, तो वर आला की मग खुशाल पळवा आणि चांगली लांबवर जाऊन या."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "चालवता येते मला. पण शेजारची सीट रिकामी ठेवून... नाही जमायचं."

आणि कुणी बोलायच्या आत मीच बोलले, "मी बसेन."

ह्यांनी स्टूल धरलं. "तू? तू रिक्षात डोळे मिटून बसतेस!"

"तिथेही मिटेन. पण बसेन. दर आठवड्याला. वचन देते, वहिनी."

ठिणगीनं माझ्याकडे पाहिलं. अशी ती फक्त बरोबर बसलेल्या बोल्टकडे बघते.

गाडी दुरुस्त होऊन घरी गेली, आज पहिल्या फेरीचा दिवस. दिवा लावला, जप केला. डॉक्टरीणबाईंशी ठरलं होतं की तेल वर चढेपर्यंत दोघींनीही बोलायचं नाही, म्हणून जप पुरा झाला तरी मी मौन सोडलं नाही. त्या बुटक्या सीटवर पाठीला टेकायला एक उशी काखेत घेतली. हे जागेच होते. "उतरताना क्रेन पाठवू का?" म्हणाले. मी मौनात होते म्हणून हे वाचले.

ठिणगी खाली झोपमोड झालेल्या चेहऱ्यानं गॅरेजचं दार अर्धं उघडून उभी होती. तिनं माझ्या काखेतली उशी नीट केली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उतरले, चपला घातल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या घराच्या दिशेनं चालू लागले.